दोन बाटल्यांची एकच चव

"चव म्हणजे औषधाने केलेली चुगली," असं बाबा एकदा जेवता जेवता म्हणाले होते. पुढ्यातलं सूप निवत चाललं होतं आणि चमचा हातात तसाच अधांतरी होता. म्हणजे काय, असं लेकीने विचारलं तर म्हणाले, "काही नाही. मीठ दे जरा." तिने मीठ पुढे केलं, तर बरणीकडे बघून म्हणाले, "राहू दे. असेल."

त्या दिवसांत त्यांना सुपात मीठ आहे की नाही हेही धड कळत नव्हतं. जीभ त्यांनी दवाखान्याला देऊन टाकली होती.

बाबा मुलांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लांबलचक बोळाच्या टोकाला एक खोली, खोलीला खिडकी, खिडकीला बारीक विणीची जाळी आणि जाळीखाली बाटली जाईल एवढी फट. त्या फटीतून बाहेरच्यांना बाबांचे फक्त हात दिसायचे. उभी हयात त्या हातांनी बाटल्या विसळल्या, भुकट्या खलल्या, बुचं घट्ट केली. आयांना चेहरा ठाऊक नसे. बाजारात एखादी बाई त्यांच्याकडे बघून सरळ पुढे जाई, मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली की थबके आणि म्हणे, "अगंबाई, साखरकाका ना?"

साखरकाका हे नाव दवाखान्याने दिलेलं, आणि तसं ते चुकीचंच होतं. कडू औषधात साखर ते सगळ्यात शेवटी घालत. साखर पडली की कडू जात नाही, नुसतं दडून बसतं, असं त्यांचं म्हणणं. मूल घोट गिळतं, हसतं, आणि मग ते दडलेलं बाहेर येतं आणि दुसऱ्या वेळी मूल तोंड उघडत नाही. म्हणून आधी चिमूटभर मीठ, मग थोडा दाटपणा, म्हणजे औषध जिभेवर रेंगाळत नाही. साखरेची पाळी त्यानंतर.

बोलणं मात्र त्यांनी कशानेच गोड केलं नाही. बोलतच नसत फारसे. बायको होती तेव्हा ती दोघांच्या वाटणीचं बोलायची. ती गेल्यावर घरात जी शांतता आली, ती बाबांनी भरून काढायचा प्रयत्न केला नाही. तिच्या रिकाम्या खुर्चीवर जसं कुणी बसलं नाही, तसं.

लेकीची आई गेली ती काळजाच्या झडपेने. मुलगी लहान असताना आईच्या जिने चढण्याची तिला सवय होती: चार पायऱ्या, कठड्याला टेकणं, "थांब हं, बाहेर काय छान वारा सुटलाय" असं काहीतरी म्हणणं, पुन्हा चार पायऱ्या. जिन्यात वारा कुठून येणार. पुढे कळलं की आईला लहानपणी घसा आला होता. ताप, गिळताना सुया टोचल्यासारखं दुखणं. डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं होतं, दहा दिवस द्या म्हणून बजावलंही होतं. चौथ्या दिवशी पोरगी खेळायला लागली. घरच्यांनी उरलेली बाटली तिच्या भावाच्या खोकल्यासाठी जपून ठेवली. महिन्याभरात तिचे गुडघे सुजले, मग घोटे, आणि त्या तापाने काळजाला जी खूण करायची ती करून ठेवली.

बाबांनी हे सगळं लेकीला एकदाच सांगितलं, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "औषधात खोट नव्हती. संपवलं नाही ते."

लेक स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसते. गाडीत राहिलेल्या छत्र्या, पिशव्या, चष्मे, एकदा तर कवळीसुद्धा. वस्तू न्यायला येणारा प्रत्येक जण ती आपलीच म्हणतो, आणि त्यातले काही खोटं बोलतात. तिथे तिचं कसब असं की ती सरळ प्रश्न विचारत नाही. "छत्री काळी होती का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. ती म्हणते, "मूठ जिथे तडकलीय तिथे तुम्ही दोरा गुंडाळला होता, तो सुटलाय बरं का." ज्याची छत्री नसते तो म्हणतो, "हो हो, चालेल, मी पुन्हा गुंडाळेन." ज्याची असते तो बुचकळ्यात पडतो: "दोरा? मूठ कुठे तडकलीय?" मग ती छत्री काढून देते. मूठ धड असते.

नवरा तिला म्हणायचा, "तुझ्याशी लग्न ठरलं तेव्हा माझी केवढी उलटतपासणी झाली, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी समजलं." नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. कामानिमित्त परगावी जायचा, आणि ज्या दिवसांची ही गोष्ट आहे तेव्हाही तो परगावीच होता.

तर दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी एक काम हाती घेतलं होतं. मुलांच्या घशाला जुनं पेनिसिलिन बरं की नवीन आलेलं औषध बरं, हे ताडून बघायचं. जुनं दहा दिवस द्यावं लागतं. नवं पाच दिवसांतच काम करतं, असं ते काढणाऱ्यांचं म्हणणं. डॉक्टरबाईंना त्यांच्या म्हणण्यावर भागवायचं नव्हतं. अडचण अशी की आईला कळलं पोराला नवं मिळतंय, की तिला तिसऱ्याच दिवशी पोराचा घसा निवळलेला दिसणार. डॉक्टरला कळलं जुनं चालू आहे, की त्याचा हात काडीवरचा कापूस घशावरून फिरवताना थोडा वेगळा पडणार. म्हणून कुणाला काय मिळतंय हे कुणालाच कळता कामा नये. प्रत्येक मुलाला दोन बाटल्या, पाठोपाठ, पाच-पाच दिवसांच्या. जुन्या औषधाच्या मुलांना दोन्हींत पेनिसिलिन. नव्याच्या मुलांना पहिलीत औषध आणि दुसरीत नुसतं पाणी, दाट केलेलं, गोड केलेलं, आणि कडवटही केलेलं, कारण नुसतं गोड असतं तर कोणत्याही पोराने सांगितलं असतं की यात काही नाही.

हे पाणी कडू करायचं काम, आणि तिन्हींची चव, रंग, वास, घट्टपणा एक करायचं काम, बाबांकडे आलं. बाटलीवर फक्त आकडा. आकड्याच्या मागे काय आहे हे सगळ्या दवाखान्यात एकट्या बाबांना माहीत, कारण भरणारा हात त्यांचा.

कित्येक आठवडे ते चाखत होते. एक चमचा तोंडात, तोंडातून बेसिनमध्ये, चूळ, दुसरा चमचा. जुन्याला मागून एक वास यायचा, ओल्या पुठ्ठ्यासारखा. नव्याची कडू चव उशिरा यायची, पाणी प्यायल्यावर. तो वास आणि तो उशीर, दोन्ही त्यांना तिन्हींत आणावे लागले. शेवटी तीन पेले मांडून त्यांनी अख्ख्या दवाखान्याला बोलावलं. थोरल्या सिस्टरने तिन्ही चाखून तिन्हींना शिव्या दिल्या. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "मी सांगतो ना. हे माझ्या सासूच्या हातचा चहा, हेही सासूच्या हातचा चहा, आणि हे... हेही तेच. साखरकाका, तुम्ही माझ्या सासूला ओळखता का?"

बाबा त्या दिवशी घरी आले ते खुशीत. खुशीत म्हणजे, चपला जागेवर ठेवून त्यांनी नातीला विचारलं, "काय ठकूबाई?" एरवी तेही विचारत नसत.

ठकी ही नात. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारूनच उतरायच्या असा तिचा नेम. आजोबांना ती अरेतुरे करायची आणि त्यांच्या न बोलण्याचं तिला काही वाटत नसे. ती एकटीच दोघांचंही बोलायची, आजीसारखी.

त्या ठकीला घसा आला.

सकाळी तिने दुधाचा पेला सरकवला आणि म्हणाली, "आई, गिळताना काच आहे." अंग तापलेलं. आईने टॉर्च आणून बघितलं तर घसा लालभडक, वर पांढरे ठिपके. घशाला हात लावला की काळजापर्यंत जाणारा एक अंधारा जिना तिला बाबांनी ते सांगितल्यापासून दिसायचा, आणि त्या जिन्यात तिची आई कठड्याला टेकून उभी असायची.

बाबा तोवर कामावर गेले होते. ती ठकीला घेऊन दवाखान्यात गेली. कापसाची काडी घशात फिरली, ठकी ओकारी काढून रडली, जंतू निघाले. डॉक्टरबाईंनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं: दोन औषधं, दोन्ही काम करणारी, कोणतं जास्त बरं ते अजून माहीत नाही, तुम्ही सामील व्हाल का. नको असेल तर सरळ पेनिसिलिन देते, नेहमीसारखं. आणि हो म्हणालात तरी मधे कधीही नको म्हणता येईल, कारण विचारणार नाही.

ती हो म्हणाली.

का म्हणाली, हे तिला नंतर नीट उलगडलं, आणि तेव्हा ती मनातल्या मनात शरमली. बाबांच्या कामाला आपण मान देतोय असं तिला त्या क्षणी वाटलं होतं, ते खरंच होतं. पण त्याच्या तळाशी दुसरं एक होतं. बाटली भरणारे बाबाच आहेत. त्यांची नात आहे. ते बघतीलच.

खिडकीच्या फटीतून आकडा आत गेला. आतून हात आले, बाटली घेऊन. ठकी बसलेल्या आवाजात म्हणाली, "आजोबा, मी आहे."

हात तिथेच थांबले. मग बाटली मागे गेली, आतलं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. लेकीकडे बघितलं, नातीच्या कपाळावर हात ठेवला, आणि तसेच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. दार अर्धं उघडंच राहिलं. ती बाकावर बसून ऐकत होती.

"ती माझी नात आहे," बाबा म्हणाले.

"अरे देवा. त्या काही बोलल्या नाहीत." डॉक्टरबाई थोडं थांबल्या. "मग कसं करायचं? नाव कमी करू?"

"ते आईने ठरवायचं. मी सांगायला आलो, एवढंच. आकडा पडला तो पडला. त्याच्या मागे जे आहे ते मी बदलणार नाही."

"ते मला माहीत आहे हो. पण गप्प राहवेल?"

"तोंड काय, बंद ठेवता येतं."

"आणि चेहरा?"

"चेहरा जाळीमागे असतो."

"घरी जाळी नसते, साखरकाका."

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी तिला पुन्हा विचारलं. ती पुन्हा हो म्हणाली, कारण आता मागे फिरणं म्हणजे आपला हिशोब काय होता ते उघड करणं झालं असतं. बाबा खोलीत परत गेले. फटीतून तीच बाटली बाहेर आली, तोच आकडा, आणि हातही इतर कुणालाही देताना असतात तसेच.

घरी सकाळ-संध्याकाळ एक एक माप. ठकी नाक दाबून प्यायची. औषधाची वेळ झाली की बाबा उठून गॅलरीत जायचे आणि पेला धुतल्याचा आवाज आला की आत यायचे. पहिल्या दिवशी तिला वाटलं, हीच खूण. पोरीच्या पोटात काय जातंय ते त्यांना बघवत नाही. मग तिच्या लक्षात आलं की दुसरं औषध असतं तरी ते उठून गेलेच असते. खूण अशी सापडणार नव्हती.

तरी तिने सोडलं नाही. भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, दुसरी बाटली फ्रिजमध्ये नाही ठेवली तरी चालेल ना? जागा नाहीये."

"जागा कर."

"उन्हात राहिली तर खराब होईल का?"

"उन्हात कशाला ठेवतेस?"

"समजा हो."

बाबांनी पुसलेली बशी पुन्हा पुसायला घेतली. "हे बघ, तुझ्या खिडकीत मी कधी छत्री न्यायला आलो नव्हतो."

ती हसली. हसणं भागच होतं. पण ताकास तूर लागू देत नाहीत म्हणून रागही आला.

ठकीचा ताप उतरला, घशातली काच गेली आणि ती पुन्हा जिन्यावरून उड्या मारू लागली. पहिली बाटली संपली, दुसरी उघडली. इथून तिच्या जिवाला खरा घोर लागला. कारण दुसऱ्या बाटलीत एक तर पेनिसिलिन होतं, नाही तर काहीच नव्हतं. रोज दोन वेळा ती बाटली उजेडात धरून बघायची. आई चौथ्या दिवशी खेळायला लागली होती. ठकीही चौथ्या दिवशीच खेळायला लागली. आईला त्यानंतर काही मिळालं नाही. ठकीला मिळत होतं की नाही?

आणि त्यातच एका दुपारी ठकी शाळेतून लंगडत आली. "गुडघा दुखतो," म्हणाली.

गुडघा जरा सुजल्यासारखा. तिने पोरीला तशीच उचलली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी गुडघा वाकवून बघितला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि मग ठकीला विचारलं, "काय गं, कुठून उडी मारलीस?"

"तीन पायऱ्यांवरून नाही मारली," ठकी म्हणाली.

"मग किती?"

"पाच."

मुका मार होता. काळीज खणखणीत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई, तुमचा जीव असा टांगणीला लागणार असेल तर थांबवू या. आत्ता या क्षणी थांबवते, साधं पेनिसिलिन लिहून देते. मी मनापासून सांगतेय."

ती म्हणाली, उद्या सुट्टी आहे, परवा सांगते. तिला आधी कळून घ्यायचं होतं. पोरीला पेनिसिलिनच चालू असेल, तर थांबवून आपण बाबांचं काम फुकट नासवणार, आणि तेही त्यांच्या डोळ्यांसमोर. आणि नुसतं पाणी असेल, तर ज्यांनी ते आपल्या हाताने भरलं त्यांच्याबरोबर एका टेबलावर कसं जेवायचं, हे तिला ठरवायचं होतं.

त्या संध्याकाळी तिने बाबांना सरळच विचारलं. ठकी आतल्या खोलीत बाहुल्यांना औषध पाजत होती.

"बाबा, मी कुणाला सांगणार नाही. फक्त मान हलवा. दुसऱ्या बाटलीत औषध आहे?"

बाबा टेबलावरचा एक डाग बोटाने घासू लागले.

"मूग गिळून बसू नका हो. तुम्ही कंपाउंडर आहात ते तिकडे. इथे तुम्ही आजोबा आहात."

"तिकडे अशा किती आया आहेत," बाबा हळू म्हणाले, "ज्यांचा बाप जाळीमागे नाही."

"मला त्यांचं काय करायचंय?"

"तुला काही नाही. मला आहे."

"आईचं आठवतं ना तुम्हाला?" हे बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "आईच्या वेळी बाटली अर्धी राहिली म्हणून झालं ना सगळं? मग आता माझ्या पोरीची दुसरी बाटली..."

बाबांनी डागावरून बोट उचललं. मग म्हणाले, "अर्धी राहिली म्हणून झालं. खरंय. म्हणूनच बघतोय की अशी बाटली निघेल का, जी लोकांच्या हातून अर्धी राहायच्या आधीच काम करून मोकळी होईल. निघेल की नाही ते मला माहीत नाही. बाटलीत काय आहे ते मला माहीत आहे, पोरी. बरं काय, ते मलाही माहीत नाही. ते माहीत असतं तर हा खेळ मांडलाच नसता."

एवढं लांब ते वर्षानुवर्षांत बोलले नव्हते. आतून ठकीचा आवाज आला, "थुंकायचं नाही हं. गीळ. शहाणी ना तू?"

बाबांचं म्हणणं तिला पटलं होतं, पुरलं मात्र नव्हतं. रात्रभर तिच्या डोक्यात स्टेशनवरची खिडकीच बसून राहिली. सरळ विचारलं की माणूस सावध होतो. त्याला विचारायचंच नाही. त्याच्या पुढ्यात अशी वस्तू ठेवायची की त्याला काहीतरी करावंच लागेल, आणि मग तो काय करतो ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण बाबांना दुपारपर्यंत जावं लागलं होतं. ते परतले तेव्हा बाहेर झोंबरा वारा होता. दिवसभर उभं राहून त्यांच्या पायांना सूज यायची, म्हणून घरी आलं की पाय कोमट पाण्यात सोडून बसायचं, हा त्यांचा एकुलता एक चैनीचा कार्यक्रम. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पाय बादलीत ठेवून डोळे मिटले. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. सुट्टीच्या दिवशी बसही अडूनअडून येते.

तिने ठकीला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला, दुसरी बाटली काढली, आणि ओट्याच्या कडेवरून खाली सोडून दिली.

आवाज मोठा झाला. लादीवर गुलाबी दाट थारोळं पसरलं, त्यात काचा. वास आला, कडू-गोड, ओल्या पुठ्ठ्याचा.

"बाबा," ती म्हणाली, "बाटली फुटली. ठकीची."

आणि दारात उभी राहून ती त्यांच्याकडे बघू लागली, खिडकीतून बघते तशी. पाणीच असेल, तर घाई कशाला? म्हणतील, असू दे, उद्या आणतो, एका वेळेने काय होतंय. औषध असेल, तर बादली लवंडून उठतील. माणूस तोंड बंद ठेवू शकतो, चेहराही ठेवू शकेल एखादा. थकलेले पाय खोटं बोलत नाहीत, असा तिचा हिशोब होता.

बाबांनी डोळे उघडले. पाय बादलीतून काढून टॉवेलवर टेकवले आणि ओल्या अनवाणी पायांनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. थारोळ्याकडे बघितलं. फ्रिजचं दार नीट लावलेलं होतं. मापाचा पेला फळीवर पालथा, कोरडा. औषधाची वेळ व्हायला अजून अवकाश होता. मग त्यांनी घरात कान दिला.

"ठकी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"काकूंकडे."

"कधी गेली?"

खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं ते तिला पहिल्यांदाच कळत होतं. काच फुटण्याआधी पोरीचे पाय तिथून हलवणारी बाई जगात एकच असते, आणि ती पकडली गेली होती.

बाबा रागावतील असं तिला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं, रागातून काहीतरी निसटतं. ते वाकले. मोठ्या काचा एकेक करून उचलून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळल्या. तळाचा तुकडा, ज्यावर आकडा चिकटवलेला होता, तो त्यांनी उलटा करून सगळ्यात खाली ठेवला. हात सवयीचे होते. असे हात, ज्यांना कुणाच्याही आजारी पोराच्या बाटलीत भेद करायची सवय नाही. तिला एकाएकी दिसलं की तिने लावलेल्या सापळ्यात तिसरी एक वाट होती आणि ती तिला सुचलीच नव्हती. काल परवा दुसऱ्या कुणाची बाटली फुटली असती तरी हे पाय बादलीतून निघाले असते. त्या बाटलीत काहीही असतं तरी.

बाबा खुर्चीवर येऊन बसले. टॉवेलने एकेक बोट पुसलं. मोजे उलटे झाले होते, ते सुलटे केले. सुजलेला पाय बुटात जाईना, तेव्हा नाडी पार खालपर्यंत सैल केली आणि टाच दाबून आत घातली.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "बाहेर वारा आहे. सकाळी आणलीत तर चालेल का?"

हाही प्रश्नच होता, खिडकीतला. सवय जात नाही. पण विचारताना या वेळी तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. ती खुंटीवरचा कोट काढत होती, आणि कोट हातात धरून उभी राहिली, त्यांचे हात बाह्यांत जाईपर्यंत. गळ्याभोवतीचा मफलर तिने नीट केला. थांबवायचं नाही, असं उद्या डॉक्टरबाईंना सांगायचं हे तिचं ठरलं होतं, आणि आणलेल्या बाटलीचं माप ती आज संध्याकाळी उशिरा का होईना, पोरीला पाजणार होती, ते काहीही असलं तरी.

बाबांनी दार उघडलं. जिन्यातला गार वारा आत आला, खरोखरचा. त्यांनी क्षणभर कठड्यावर हात ठेवला, लेकीकडे एकदा बघितलं, आणि रोज सकाळी जातात त्याच चालीने, ना भरभर ना सावकाश, ते जिना उतरू लागले.